वाफसा, शिवण आणि छत्तीस धावा

19 डिसेंबर 2020, शनिवारची सकाळ. मी वारंगा फाट्यावर नांदेडच्या गाडीची वाट बघत होतो. कळमनुरी-आखाडा बाळापूरकडून हिंगोलीचा रस्ता, उमरखेड-हदगावकडून नागपूरचा आणि अर्धापूरकडून नांदेडचा, असे तिन्हीकडचे लोक इथं उतरतात. गाडी चुकली तरी फार हळहळ होत नाही, कारण फाट्यावरची खिचडी. त्या दिवशी मात्र ताटल्या हातात तशाच राहिल्या होत्या. पाच-सहा जण एका पोराच्या मोबाइलवर वाकले होते. ॲडलेडला भारताचा दुसरा डाव चालू होता आणि खिचडीची वाफ विरायच्या आत तो संपलाही. छत्तीस धावा. एकालाही दोन आकडी धावसंख्या गाठता आली नाही. भारताच्या कसोटी इतिहासातली ही सर्वांत कमी धावसंख्या.

तो पोरगा मला म्हणाला, ''काका, हेच लोक आपल्या नागपूरला दोन-दोनशे मारतात की. तिकडं गेल्यावर ह्यांना होतं तरी काय?''

प्रश्न अगदी रास्त होता. 2017 च्या नोव्हेंबरात विराट कोहलीने नागपूरच्या जामठा मैदानावर श्रीलंकेविरुद्ध 213 धावा केल्या होत्या. ॲडलेडच्या त्या डावात त्याच्या नावावर चार धावा होत्या. ''दडपण असतं रे,'' असं काहीतरी मी पुटपुटलो आणि गाडीत बसलो. दडपण तर नागपुरातही असतं, त्यामुळे ते काही उत्तर नव्हतं. खरं उत्तर मातीत, चेंडूच्या शिवणीत, हवेत आणि माणसाच्या डोळ्यात आहे, आणि त्यातलं निम्मं आपल्या भागातल्या कुठल्याही शेतकऱ्याला आधीपासून ठाऊक आहे.

एकच कर्णधार, एकच देश, दोन निकाल

कोडं आणखी अवघड करून बघू. ''परदेशात आपले फलंदाज कच्चे'' एवढंच खरं असतं, तर अजित वाडेकरांची गोष्ट घडलीच नसती.

1971 साली वाडेकरांच्या संघाने आधी वेस्ट इंडीजमध्ये मालिका जिंकली. गोव्यातल्या मडगावचे दिलीप सरदेसाई यांनी त्या दौऱ्यात 642 धावा काढल्या. पहिल्याच मालिकेत उतरलेल्या सुनील गावसकरांनी चार कसोटींत 774 काढल्या. पाठोपाठ संघ इंग्लंडला गेला. 24 ऑगस्टला, ऐन गणेश चतुर्थीच्या दिवशी, लंडनच्या ओव्हल मैदानावर चार गडी राखून जिंकला. इंग्लंडमधला आपला तो पहिला कसोटी विजय आणि पहिला मालिका विजयही.

तीन वर्षांनी, 1974 मध्ये, तेच वाडेकर बऱ्याचशा त्याच खेळाडूंना घेऊन त्याच देशात गेले. 24 जूनला लॉर्ड्सवर आपला डाव 42 धावांत आटोपला. सतरा षटकांत. मालिका 3-0 अशी गेली.

तीन वर्षांत गावसकर, विश्वनाथ, इंजिनिअर बॅट धरायला विसरले असतील, असं कोण म्हणेल? मग बदललं काय? दोन्ही तारखा पुन्हा वाचा. एक ऑगस्टमधली, दुसरी जूनमधली. उत्तराची सुरुवात इथूनच होते, पण त्यासाठी आधी जमिनीत हात घालावा लागेल.

खेळपट्टी म्हणजे वाफशावर दाबलेली माती

पेरणीच्या दिवसांत वारंग्याच्या परिसरात कुणाशीही बोला, एक शब्द हमखास कानावर येतो: वाफसा. जमीन फार ओली असेल तर औताला चिखल चिकटतो, फार वाळली तर ढेकळं निघतात. या दोन्हींच्या मधली, मुठीत दाबली तर गोळा होईल आणि टाकली तर फुटेल अशी अवस्था म्हणजे वाफसा. खेळपट्टी तयार करणारा माणूसही नेमकी हीच अवस्था शोधत असतो. तो माती खोलवर भिजवतो, वाफशाची वाट बघतो आणि मग दिवसामागून दिवस तिच्यावर रोलर फिरवतो. ओल कमी होत जाते तसतसे मातीचे कण जवळ येतात, मधली हवा निघून जाते आणि बावीस यार्डांची ती पट्टी पक्की होत जाते. घाई केली तर वरचा पापुद्रा कडक आणि आत पोकळ, अशी गत होते. उशीर केला तर माती दबतच नाही.

माती किती दबली, तिच्यात ओल किती उरली आणि तिला गवताच्या मुळांनी किती धरून ठेवलं, या तीन गोष्टींवर चेंडूचं पुढचं वागणं ठरतं.

उसळी आधी घेऊ. रबरी चेंडू शहाबादी फरशीवर टाका आणि नंतर नांगरलेल्या रानात टाका. फरशी चेंडूचा जोर त्यालाच परत देते, रान तो गिळून टाकतं. घट्ट दबलेली, वाळलेली, चिकणमातीचं प्रमाण जास्त असलेली खेळपट्टी फरशीसारखी वागते. ऑस्ट्रेलियातल्या खेळपट्ट्या बहुतांशी अशा असतात. नागपूरला मांडीपर्यंत येणारा चेंडू तिकडे त्याच टप्प्यावरून बरगडीपर्यंत येतो.

आता ओल. खेळपट्टीचा वरचा थर किंचित दमट असेल तर चेंडूची शिवण त्यात क्षणभर रुतते. एका बाजूने शिवण रुतली की चेंडू त्या दिशेला किंचित वळतो. बैलगाडीचं एक चाक खड्ड्यात गेलं की गाडी तिकडे ओढली जाते, तसंच काहीसं. हिरवं गवतही शिवणीला असाच आधार देतं. इंग्लंडमध्ये ऊन कोवळं, हवा गार. त्यामुळे ओल लवकर उडत नाही आणि गवत हिरवं राहतं. तिथं चेंडू फार उसळत नाही, पण टप्पा पडल्यावर बोटभर आत किंवा बाहेर जातो.

आपल्याकडे उन्हाचा तडाखा असा की वरची माती लवकर वाळते. गवत कमी, बुटांच्या खिळ्यांनी पृष्ठभाग उकरला जातो, तिसऱ्या-चौथ्या दिवशी भुगा सुटतो. त्या भुग्यात फिरकीच्या चेंडूला पकड मिळते. म्हणून आपली फिरकी, आणि म्हणून लहानपणापासून फिरकी खेळत वाढलेले आपले फलंदाज.

इथं एक गैरसमज दूर करायला हवा. ''आपली माती काळी, म्हणून फिरकीची'' असं सर्रास म्हटलं जातं. वारंग्याच्या कपाशी-सोयाबीनच्या रानातली काळी माती पाण्याने फुगते आणि उन्हाळ्यात आक्रसून अशी भेगाळते की भेगेत हात जावा. तिच्यातल्या बारीक चिकणकणांच्या चकत्या एकावर एक रचलेल्या असतात आणि त्यांच्या फटींत पाणी शिरतं, म्हणून असं होतं. गंमत अशी की ब्रिस्बेनच्या गाब्बा मैदानावरची खेळपट्टीही काळ्या चिकणमातीचीच आहे. ऑस्ट्रेलियाच्या त्या भागात आपल्यासारखी भेगाळणारी काळी जमीन मुबलक आहे. तरीही गाब्बा वेगवान गोलंदाजांचं माहेरघर, कारण तिथं ती माती गवतासकट घट्ट दाबून ठेवतात. म्हणजे प्रश्न मातीच्या रंगाचा नाही, तिच्या मशागतीचा आहे.

याचा पुरावा आपल्या नागपूरनेच दिलाय. 2004 साली ऑस्ट्रेलियाविरुद्ध नागपूरच्या खेळपट्टीवर भरपूर गवत ठेवलं गेलं आणि आपण घरच्या मैदानावर 342 धावांनी हरलो. 2015 मध्ये नागपूरलाच, जामठ्याच्या मैदानावर, दक्षिण आफ्रिकेचा डाव 79 धावांत गुंडाळला गेला. ती खेळपट्टी इतकी फिरत होती की आंतरराष्ट्रीय क्रिकेट परिषदेने तिला निकृष्ट ठरवलं. एकाच शहरात एकदा पाहुण्यांना घरच्यासारखं वाटलं, एकदा त्यांचे हाल झाले.

पळवणकर बाळू आणि सोलकर: मातीवर वाढलेली माणसं

मातीची ही विद्या पुस्तकातून येत नाही. भारताचा पहिला संघ 1911 साली इंग्लंडला गेला, तेव्हा कसोटीचा दर्जा नव्हता. त्या दौऱ्यात पुण्यात खेळ शिकलेल्या पळवणकर बाळूंनी आपल्या डावखुऱ्या फिरकीवर 114 बळी घेतले. संघ बहुतेक सामने हरला, पण बाळूंपुढे इंग्लंडचे कौंटी फलंदाज चाचपडले. बाळू दलित कुटुंबातले. पुण्याच्या गोऱ्यांच्या क्लबात ते आधी मैदानावर काम करायचे. खेळपट्टी लाटायची, झाडायची, जाळी बांधायची आणि मग साहेबांना सरावासाठी चेंडू टाकायचे. खेळपट्टी कुठे ओली, कुठे सैल, कुठे चेंडू धरेल, हे ज्याच्या तळहाताला माहीत आहे, त्याला परकी माती ओळखायला किती वेळ लागणार?

दुसरं नाव एकनाथ सोलकरांचं. त्यांचे वडील मुंबईच्या हिंदू जिमखान्यावर मैदानाची निगा राखायचे. एकनाथ तिथल्याच खोपटात वाढले, सामन्यांचा धावफलक हलवायचे. 1971 च्या ओव्हल कसोटीत फलंदाजाच्या पुढ्यात उभं राहून, जमिनीवर झेपावत त्यांनी ॲलन नॉटचा जो झेल घेतला, त्याचं छायाचित्र आजही निघतं. आणि 1974 च्या त्या 42 धावांच्या डावात सर्वाधिक धावा कुणाच्या होत्या? सोलकरांच्याच. नाबाद 18. एका डावावरून सिद्धांत मांडता येत नाही, हे मला मान्य आहे. तरी त्या पडझडीत शेवटपर्यंत उभा राहिलेला माणूस मैदानाची निगा राखणाऱ्याचा मुलगा होता, ही गोष्ट मनातून जात नाही.

तीन देशांचे तीन चेंडू

जमिनीइतकं चेंडूकडे आपलं लक्ष जात नाही. आत बुचाच्या लाकडाचा गाभा, त्यावर दोरा, वर कातडं आणि मधोमध टाक्यांच्या सहा ओळी. वजन साधारण 156 ते 163 ग्रॅम. नियम सगळीकडे तोच, पण कारखाने वेगवेगळे.

भारतात कसोटीला मेरठचा एसजी चेंडू वापरतात, इंग्लंड आणि वेस्ट इंडीजमध्ये ड्यूक्स, तर ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड आणि दक्षिण आफ्रिकेत कुकाबुरा. ड्यूक्सचे टाके हातांनी घातलेले असतात, शिवण उंच असते आणि वरची झिलई बराच वेळ टिकते. म्हणून तो चाळीस-पन्नास षटकांनंतरही हलत राहतो. कुकाबुराच्या बाहेरच्या टाक्यांच्या ओळी यंत्रावरच्या. त्याची शिवण लवकर बसते, त्यामुळे पहिली वीसेक षटकं तगलात तर पुढे धावा काढता येतात. ॲडलेडचा सामना दिवस-रात्रीचा होता, म्हणजे चेंडू गुलाबी. त्याच्यावर झिलईचा थर जास्त असतो आणि तो जपण्यासाठी खेळपट्टीवर गवतही जरा जास्त ठेवतात. म्हणजे नेहमीच्या अडचणींत आणखी दोन अडचणी.

हवेतला वळसा

आता सर्वांत सुंदर भाग. टप्पा पडायच्या आधीच चेंडू हवेत वळतो, तो कसा?

घरात करून बघण्यासारखा एक प्रयोग आहे. नळाची बारीक धार सोडा. चमचा दांड्याला धरून मोकळा लोंबू द्या आणि त्याची फुगीर पाठ हळूच धारेला टेकवा. धार चमच्याला ढकलून देईल असं वाटतं. होतं उलटंच, चमचा धारेत ओढला जातो. पाणी चमच्याच्या पाठीला चिकटून वळतं आणि एका बाजूला फेकलं जातं, म्हणून चमचा विरुद्ध बाजूला सरकतो. होडीत बसून वल्ह्याने पाणी मागे ढकललं की होडी पुढे जाते, तोच न्याय.

वेगाने जाणाऱ्या चेंडूलाही हवेचा असाच एक पातळ पदर चिकटलेला असतो. चेंडूच्या पाठीमागच्या अंगाला गेल्यावर हा पदर सुटतो. गुळगुळीत बाजूचा पदर शांतपणे वाहत येतो आणि लवकर सुटतो. दुसऱ्या बाजूला गोलंदाजाने शिवण तिरकी धरलेली असते. टाक्यांना अडखळून तिथला पदर ढवळला जातो. ढवळलेला पदर जास्त वेळ चिकटून राहतो आणि चेंडूला वळसा घालून उशिरा सुटतो. दोन्ही बाजूंचे पदर वेगवेगळ्या ठिकाणी सुटल्यामुळे मागची हवा एका अंगाला फेकली जाते आणि चेंडू दुसऱ्या अंगाला, म्हणजे शिवणीचं तोंड ज्या दिशेला आहे तिकडे, सरकतो. याला स्विंग म्हणतात. एक बाजू घासून चकचकीत ठेवण्याचा खटाटोप याचसाठी असतो, की त्या बाजूचा पदर शांत राहावा.

चेंडू जुना, खरबरीत झाला आणि गोलंदाजाचा वेग फार असला की दोन्ही बाजूंचे पदर आधीच ढवळले जातात आणि चेंडू उलट्या दिशेला वळतो. तो रिव्हर्स स्विंग. आपल्या कोरड्या, घासणाऱ्या मैदानांवर तो जास्त दिसतो.

मग ढगाळ हवेत चेंडू जास्त का वळतो? ''दमट हवा जड असते'' हे नेहमीचं उत्तर चूक आहे. पाण्याची वाफ कोरड्या हवेपेक्षा हलकी असते, म्हणून दमट हवा उलट किंचित हलकी ठरते. आर्द्रतेमुळे स्विंग वाढतो, हे प्रयोगांतून ठामपणे दिसलेलं नाही. एक पटण्याजोगं स्पष्टीकरण असं: उन्हाने जमीन तापली की मैदानावरची हवा उकळी फुटल्यासारखी वरखाली होते आणि चेंडूभोवतीचा तो नाजूक, शांत पदर विस्कटतो. ढग आले की हवा निवते आणि पदर शांत राहतो. शास्त्रज्ञांमध्ये यावर अजून एकमत झालेलं नाही. मला स्वतःला हे स्पष्टीकरण पटतं, कारण वैशाखात वारंग्याच्या डांबरी रस्त्यावर हवा कशी थरथरते, ते मी पाहिलंय.

अंधारातल्या जिन्याची पायरी

एवढं सगळं होतं ते किती वेळात? ताशी 140 किलोमीटर वेगाचा चेंडू गोलंदाजाच्या हातातून सुटल्यापासून फलंदाजापर्यंत यायला अर्ध्या सेकंदाहून कमी वेळ लागतो. सोयीसाठी 0.45 सेकंद धरू. डोळ्याने पाहिलेलं मेंदूला कळून हात हलायला सुमारे 0.2 सेकंद जातात. म्हणजे निर्णय घ्यायला उरले 0.25 सेकंद. त्यानंतर चेंडूने काही वेगळं केलं तर फलंदाज फक्त साक्षीदार.

आता छोटं गणित. हवेचा आडवा रेटा सर्व वेळ सारखा मानला, तर चेंडूचं आडवं सरकणं वेळेच्या वर्गाच्या पटीत वाढतं. अर्ध्या वेळात एकूण वळणाच्या फक्त पाव भाग वळण होतं, उरलेलं पाऊण दुसऱ्या अर्ध्यात. आपल्या हिशेबात पहिल्या 0.25 सेकंदांत जेमतेम तीस टक्के वळण दिसतं. जवळजवळ सत्तर टक्के वळण फलंदाजाचा निर्णय झाल्यानंतरचं आहे. बॅटची रुंदी जास्तीत जास्त 10.8 सेंटिमीटर. मधोमध बसणारा चेंडू साडेपाच सेंटिमीटर सरकला की तो कडेला लागतो आणि मागे स्लिपच्या हातात जातो.

मग कुणीही खेळतं कसं? सवयीने. फलंदाज चेंडू शेवटपर्यंत पाहून खेळत नाही. गोलंदाजाचं मनगट, चेंडू सुटण्याची जागा, टप्पा बघून मेंदू आधीच अंदाज बांधतो: हा इथं पडला, म्हणजे इतका उसळेल. हजारो चेंडू खेळून बसलेलं हे माप असतं. आपल्या घराचा जिना आपण अंधारात बिनधास्त चढतो. पायाला पायरीची उंची पाठ असते. त्यातली एकच पायरी दोन बोटं उंच केली, तर धडधाकट माणूसही ठेचकाळतो. त्याचे पाय कमकुवत झालेले नसतात, पायरी बदललेली असते. परदेशातल्या पहिल्या कसोटीत फलंदाजाचं नेमकं हेच होतं.

पायरीचं नवं माप पायात बसेपर्यंत करायचं काय? चेंडू शक्य तितका उशिरा, डोळ्यांच्या खाली येऊ देऊन खेळायचा, म्हणजे वळणाचा जास्त भाग आधी दिसतो. हात सैल ठेवायचे, म्हणजे कड लागली तरी चेंडू स्लिपपर्यंत पोचत नाही. आणि सर्वांत अवघड म्हणजे सोडून द्यायचं. दिलीप वेंगसरकरांनी लॉर्ड्सवर 1979 मध्ये 103, 1982 मध्ये 157 आणि 1986 मध्ये नाबाद 126 अशी लागोपाठच्या तीन दौऱ्यांत तीन शतकं केली. 2014 मध्ये अजिंक्य रहाणेने त्याच मैदानावर, हिरवळीतून वेगळी ओळखू न येणाऱ्या खेळपट्टीवर 103 काढल्या. इंग्लंडमध्ये कसं खेळावं हे ज्याला शिकायचंय, त्याने हे डाव बघावेत.

पुन्हा जून आणि ऑगस्ट

आता वाडेकरांचं कोडं सुटतं. 1974 चे तिन्ही सामने 6 जून ते 8 जुलै या काळातले, इंग्लंडच्या उन्हाळ्याच्या पूर्वार्धातले. थंडी, पाऊस, ओल्या खेळपट्ट्या. 24 जूनच्या सकाळी आभाळ भरून आलेलं होतं आणि ख्रिस ओल्ड व जेफ अर्नॉल्ड यांच्या हातून चेंडू दोन्हीकडे हलत होता. ओल्डने 21 धावांत पाच, अर्नॉल्डने 19 धावांत चार बळी घेतले. आपला फिरकी गोलंदाज चंद्रशेखर दुखापतीमुळे फलंदाजीला येऊच शकला नाही.

1971 ची मालिका मात्र 22 जुलैला सुरू झाली. ओव्हलचा सामना ऑगस्टच्या उत्तरार्धात, म्हणजे उन्हाने खेळपट्टी सुकवल्यानंतर. तिथं चंद्रशेखरने 38 धावांत सहा बळी घेऊन इंग्लंडला 101 वर गुंडाळलं. इंग्लंडने त्या दिवशी जवळपास आपल्या ओळखीची खेळपट्टी दिली होती. शिवाय तो संघ वेस्ट इंडीजचा लांब दौरा करून आलेला होता आणि कसोटीआधी आठवडेच्या आठवडे कौंटी संघांशी खेळला होता. यात वाडेकरांचं श्रेय कमी होत नाही, फिरकीवर विश्वास ठेवण्याचा निर्णय त्यांचाच. पण 42 धावांनंतर लोकांनी त्यांना जी दूषणं दिली ती अन्यायाची होती, असं माझं स्पष्ट मत आहे. त्या दौऱ्यानंतर ते पुन्हा कसोटी खेळले नाहीत.

[चौकट] परदेश दौऱ्याच्या पहिल्या तासात काय बघायचं?

स्लिपचे खेळाडू यष्टींपासून किती मागे उभे आहेत ते बघा. जितके मागे, तितकी उसळी जास्त.

टप्पा पडल्यावर खेळपट्टीवर खूण उमटते का? उमटत असेल तर ओल आहे, चेंडू टप्प्यावर हलणार.

यष्टिरक्षक चेंडू कमरेला पकडतोय की छातीपुढे? तोच पायरीच्या उंचीचा आकडा.

फलंदाज किती चेंडू सोडतोय ते मोजा. पहिल्या दहा षटकांत धावांपेक्षा हा आकडा जास्त सांगतो.

दिवस मिळाले तर

जिन्याची नवी पायरी पायात बसायला एकच औषध: चढत राहणं, म्हणजे दिवस. नागपूरला जन्मलेले सी. के. नायडू ज्याचे कसोटीतले कर्णधार होते, तो भारताचा पहिला कसोटी संघ 1932 साली जहाजाने एप्रिलमध्ये इंग्लंडला पोचला आणि एकुलती एक कसोटी खेळला 25 जूनला. मधले दोन महिने सामन्यामागून सामने. कसोटी हरले, पण त्या दौऱ्यात नायडूंनी प्रथम श्रेणी सामन्यांत 1618 धावा केल्या. आज विमान एका दिवसात पोचवतं, शरीराचं घड्याळ मागाहून येतं आणि सराव सामने एक-दोनवर आलेत, कधी तेही नाहीत. वेळापत्रकाला पैशांची गणितं आहेत, हे खरं. पण मालिकेआधी दोन खरे सराव सामने न मिळणं, ही खेळाडूंची नाही, नियोजनाची चूक आहे.

ही उणीव अलीकडे भारत 'अ' संघाच्या दौऱ्यांनी थोडी भरून काढली. मुख्य संघाआधी तरुण खेळाडू तिकडच्या मातीवर खेळून येतात. ॲडलेडनंतर काय घडलं ते आठवा. कोहली घरी परतला, कर्णधारपद रहाणेकडे आलं. मेलबर्नला त्याने 112 काढल्या आणि आपण आठ गडी राखून जिंकलो. सिडनीला हनुमा विहारीने 161 चेंडूंत नाबाद 23 धावा करत सामना वाचवला. ती खेळी वरच्या सोडून देण्याच्या विद्येचा उत्तम पाठ आहे. मग ब्रिस्बेन. जायबंदी खेळाडूंची रांग लागलेली. पहिल्या डावात पालघरचा शार्दूल ठाकूर आणि वॉशिंग्टन सुंदर यांनी सातव्या गड्यासाठी 123 धावा जोडल्या. त्या डावात नवखे ठरावेत असे बरेच जण 'अ' संघाकडून परदेशांत खेळून आलेले होते. 19 जानेवारी 2021 ला, छत्तीसच्या बरोबर एक महिन्यानंतर, गाब्बाच्या काळ्या मातीवर भारताने 328 धावांचं लक्ष्य गाठलं. त्या मैदानावर ऑस्ट्रेलिया 1988 पासून हरली नव्हती.

त्याच वर्षी 6 सप्टेंबरला आपण ओव्हलवर पुन्हा जिंकलो, वाडेकरांच्या विजयानंतर पन्नास वर्षांनी. शार्दूलने दोन्ही डावांत अर्धशतक केलं. नागपूरजवळच्या कोळसा खाणीच्या वस्तीत वाढलेल्या उमेश यादवने सामन्यात सहा बळी घेतले.

वारंग्याहून निघणाऱ्या महामार्गाच्या एका टोकाला तेच नागपूर आहे. दुसऱ्या टोकाला तुळजापूर, जिथून राजवर्धन हंगरगेकर 2022 च्या एकोणीस वर्षांखालील विश्वचषकापर्यंत पोचला. दोन्हींच्या मधल्या गावांत पोरं कापणी झालेल्या रानात टेनिस चेंडूवर खेळतात. त्यांना माझं एक सांगणं आहे. पहिला पाऊस पडून गेल्यावर, वाफसा आला की शिवणीचा चेंडू घेऊन एकदा त्या रानात टाकून बघा, आणि तेच रान उन्हाळ्यात वाळल्यावर पुन्हा टाकून बघा. लॉर्ड्सचा जून आणि ओव्हलचा ऑगस्ट यांत काय फरक होता, ते तुम्हाला तुमच्याच बांधावर दिसेल.